पाटी दाराबाहेर लावा



आमच्या शेजारी एक मावशी राहतात. वयाची पासष्टी उलटली, पण हात अजून थांबलेला नाही. पतीचा कारखाना बंद पडला तेव्हा घरात दोन लहान मुले होती. त्या वेळी मावशींनी गोधड्या शिवायला घेतल्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, काठ जुळवायचे आणि बारीक धावदोऱ्याने चारी अंगांनी टाके घालत आत यायचे. आधी ओळखीच्या बाळंतिणींसाठी शिवल्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांसाठी. आज बचत गटातील चौघीजणी हे काम करतात. कुणाच्या घरचे वीजबिल त्यातून जाते, कुणाच्या मुलाची फी जाते. रक्कम मोठी नाही, पण ती स्वतःच्या कष्टाची आहे.

मावशींची नात बारावी झालेली, हुशार पोर. २०२५ च्या पावसाळ्यात तिने मनावर घेतले की आजीच्या गोधड्या इन्स्टाग्रामवर विकायच्या. मोबाईलवर छान फोटो काढले. फोटोखाली मोजून तीस हॅशटॅग घातले. #लव्ह, #इन्स्टागुड, #फॉलोमी, #ट्रेंडिंग, #ब्युटिफुल, अशी ती माळ होती. तीन महिने गेले, एक गोधडी खपली नाही. आणि मग एका गृहस्थाचा निरोप आला : दरमहा चार हजार रुपये द्या, आम्ही तुमच्या ब्रँडला हॅशटॅगचे पॅकेज लावून देतो, ऑर्डरी आपोआप येतील.

गटाच्या शिलकीत तेव्हा अकरा हजार रुपये होते. चौघींनी महिन्याला शंभर-शंभर टाकून, कर्जाऊ देऊन-घेऊन जमवलेले. त्यातले चार हजार द्यावेत की नाही, यावर बैठक बसली आणि मी वर्तमानपत्रात लिहिते म्हणून मलाही बोलावणे आले. त्या बैठकीत जे बोलणे झाले आणि त्यानंतर जे आम्ही करून पाहिले, ते आज तुमच्यापुढे मांडते. कारण पापड, मसाले, शिवणकाम, डबे असा लहानसा धंदा आज आपल्या अनेक घरांत आहे आणि असे निरोप त्या घरांतही येत असणार.

प्रथम हॅशटॅग म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या फोनच्या बटणांवर शून्याच्या शेजारी ही # खूण असते. गॅसचा नंबर लावताना "शेवटी हॅश दाबा" असे ती बाई सांगते ना, तीच ही खूण. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल कंपनीच्या बटणांच्या फोनवर ती आली. पुढे १९८८ मध्ये सुरू झालेल्या आयआरसी या संगणकावरील गप्पांच्या सोयीत, गप्पांच्या खोलीच्या नावाआधी ही खूण लिहिण्याची पद्धत पडली. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना नावाच्या अमेरिकन माणसाने ट्विटरवर सुचवले की, एका विषयावर बोलणाऱ्यांनी आपल्या मजकुरात ही खूण लावून विषयाचे नाव लिहावे, म्हणजे सर्वांना एकमेकांचे लिहिलेले सापडेल.

हा माणूस ट्विटर कंपनीचा नोकर नव्हता. त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले नाही आणि त्यावर पैसाही मागितला नाही. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो भागात मोठे वणवे लागले. तेव्हा लोक #सॅनडिएगोफायर अशी खूण लावून आगीच्या बातम्या एकमेकांना देऊ लागले आणि या कल्पनेचा उपयोग लोकांना पटला. २००९ मध्ये ट्विटरने ही खूण दाबता येईल अशी केली. इन्स्टाग्रामवर ती २०११ मध्ये आली, फेसबुकवर २०१३ मध्ये.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. हॅशटॅग जन्माला आला तो माणसांनी माणसांना शोधावे म्हणून. विकणारे नंतर आले. ही खूण म्हणजे जादूचा मंत्र नव्हे. ती एक पाटी आहे. पाटी वाचणारा कोण, तो काय शोधत आला आहे आणि आपण पाटी कोठे लावली आहे, एवढ्या तीन प्रश्नांवर तिचा सारा उपयोग अवलंबून असतो.

आता आमच्या बैठकीकडे वळू. मी नातीला म्हटले, "बाळा, तुझे ते खाते दाखव पाहू." तिने दाखवले आणि मला हसू आवरेना. खात्याला कुलूप होते. म्हणजे तिने ओळखीच्यांपुरतेच ते उघडे ठेवले होते. तिचे चुकले नव्हते. तरुण मुलीचे फोटो परक्याने पाहू नयेत म्हणून तिच्या बापानेच ते कुलूप लावायला सांगितले होते. परंतु कुलूपबंद खात्यातील फोटोंना कितीही हॅशटॅग लावले तरी ते परक्या माणसाला दिसत नाहीत. तीन महिने जे लाईक येत होते ते आत्याचे, मामीचे आणि कॉलेजातल्या मैत्रिणींचे.

मावशींना हे समजावून सांगितल्यावर त्या नातीला म्हणाल्या, "अगं, दार लावून आतल्या भिंतीला पाटी टांगलीस व्हय? मग रस्त्यावरच्या माणसाला कशी दिसंल?"

यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आले नसते.

यावर उपाय काय? मुलीचे स्वतःचे खाते कुलपातच राहू द्यावे. धंद्यासाठी वेगळे खाते उघडावे, त्यावर घरच्या मुलीबाळींचे फोटो नकोत, फक्त माल आणि माल करणारे हात दाखवावेत. आम्ही तसेच केले. बापालाही ते पटले.

पण दार उघडल्याबरोबर गिऱ्हाईक आले असे मात्र झाले नाही. जुनी तीस हॅशटॅगची माळ नव्या खात्यावरही घातली, तेव्हा लाईक खूप आले. कुठल्या कुठल्या देशांतून आले. "आमच्या पानावर जाहिरात करा" असे निरोप आले. गोधडीची किंमत विचारणारा एकही नव्हता. पोर हिरमुसली. "काकू, इतकी माणसं येऊन जातात, पण घेत कुणीच नाही."

याचे कारण सरळ आहे. #लव्ह या पाटीखाली जगभरचे कोट्यवधी फोटो पडलेले आहेत. तेथे आपला फोटो म्हणजे गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यातून दिलेली हाक. शिवाय #लव्ह शोधणारा माणूस गोधडी शोधत नसतो. भाजीबाजारात सोन्याच्या दुकानाची पाटी लावून काय उपयोग? उलट #बाळासाठीगोधडी असे शोधणारी माणसे थोडी, पण त्यांतल्या प्रत्येकीच्या घरात पाळणा हललेला असतो किंवा हलायचा असतो. लहान धंद्याला हजार बघे नकोत, दहा घेणारे हवेत.

मग त्या चौघींना मी एकच प्रश्न विचारला : तुमच्याकडे येणारी बाई तोंडाने काय म्हणते? कुणी म्हणाली, "बाळाला मऊ गोधडी पाहिजे म्हणते." दुसरी म्हणाली, "जुन्या साड्यांची शिवून देता का, असं विचारतात." तिसरी जरा थांबली आणि म्हणाली, "मागं एक बाई आली होती. आई वारलेली. आईच्या साड्या घेऊन आली. म्हणाली, नेसायला होत नाहीत आणि टाकवतही नाहीत, यांची गोधडी करून द्या."

हेच ते शब्द. बाजाराचे शब्द पॅकेजवाल्याकडे नसतात, ते आपल्या कानांत पडलेले असतात. आम्ही चार पाट्या ठरवल्या : #बाळासाठीगोधडी, #आईच्यासाडीचीगोधडी, गावासाठी #पिंपरीचिंचवड आणि चौथी गटाच्या नावाची. वस्तू काय, कोणासाठी, कोणत्या गावात आणि कोणी केली, एवढे सांगितले की पाटी पुरी झाली. गटाचे नाव ठरवण्याआधी तेच नाव लावून दुसरा कोणी माल विकतो काय, हे शोधून पाहिले. आपणही पाहावे. एकाच नावाच्या दोन पाट्या असल्या की आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाते.

संख्येविषयी येथेच सांगते. इन्स्टाग्रामवर पूर्वी एका फोटोला ३० हॅशटॅग चालत. परंतु त्याच कंपनीने २०२१ मध्ये सांगितले होते की ३ ते ५ पुरेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर पाचाचीच मर्यादा जाहीर केली. पूर्वी लोकांना एखादा हॅशटॅग फॉलो करता येई, म्हणजे त्या पाटीखालचा नवा माल आपोआप समोर येई. ती सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. यूट्यूबवर एका चित्रफितीला ६० हून अधिक हॅशटॅग लावले तर यूट्यूब त्यांतला एकही धरत नाही. ट्विटरचे नाव २०२३ मध्ये एक्स झाले आणि जून २०२५ मध्ये त्याच्या मालकाने पैसे भरून केलेल्या जाहिरातींत हॅशटॅग वापरायलाच बंदी केली. म्हणजे जेथे ही खूण जन्मली, तेथेच जाहिरातीतून ती हद्दपार झाली. यावरून ओळखावे की "हॅशटॅगने ऑर्डरी आपोआप येतील" असे म्हणणारा माणूस काय विकतो आहे. आता लोक फोटोखालच्या साध्या वाक्यांतले शब्दही शोधतात. म्हणून "पिंपरीत हाताने शिवलेली, धुता येणारी, बाळासाठी मऊ गोधडी" असे एक सरळ वाक्य आधी लिहावे, पाट्या त्यानंतर. व्हॉट्सअॅपच्या गटात तर हॅशटॅगचे फारसे काम नाही. तेथे ओळखीचीच माणसे असतात. तेथे स्वच्छ फोटो, किंमत आणि पत्ता पुरे.

लिहिण्याचे दोन-तीन नियमही ध्यानात ठेवावेत. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. #बाळासाठी गोधडी असे लिहिले तर पाटी "बाळासाठी" येथेच तुटते आणि गोधडी बाहेर राहते. मध्ये टिंब किंवा आडवी रेघ आली तरी तसेच होते. आपले लोक मराठी शब्द पुष्कळदा रोमन अक्षरांत शोधतात, म्हणून एखादी पाटी त्या अक्षरांतही ठेवावी. मात्र रोमन अक्षरे जोडून लिहिली की शब्द कोठे तुटतो ते कळत नाही, म्हणून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे काढावे. ८ एप्रिल २०१३ रोजी ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर वारल्या, तेव्हा लोकांनी "नाऊ थॅचर्स डेड" हे तीन शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले. कित्येकांनी ते "नाऊ दॅट शेर्स डेड" असे वाचले आणि शेर नावाची प्रसिद्ध गायिका गेली असे समजून हळहळ सुरू केली. गायिका जिवंत होती. मोठी अक्षरे काढली तर आणखी एक फायदा होतो. अंध माणसाचा फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो, तो शब्द सुटे करून नीट वाचतो.

येथवर झाली हत्याराची माहिती. परंतु ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती पुढेच आहे.

पाटी आपण लावतो, पण तिच्याखाली कोणी काय लिहावे हे आपल्या हातात नसते. रस्ता सर्वांचा असतो. जानेवारी २०१२ मध्ये मॅकडोनाल्ड्स या अवाढव्य खाद्यपदार्थ कंपनीने #मॅकडीस्टोरीज अशी पाटी पैसे देऊन ट्विटरवर झळकवली. लोक आपल्या गोड आठवणी सांगतील अशी तिची अपेक्षा होती. लोकांनी तिच्या खाण्याविषयीचे वाईट अनुभव आणि टवाळ्या सांगायला सुरुवात केली. दोन तासांच्या आत कंपनीला ती जाहिरात काढून घ्यावी लागली. ज्याच्या मालाविषयी लोकांच्या मनात तक्रार आहे, त्याने चव्हाट्यावर माईक ठेवू नये. आधी माल सुधारावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित फुटबॉलपटूने आपल्या होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारल्याची चित्रफीत बाहेर आली. "मार खाऊन ती त्याच्यासोबत राहिलीच कशाला?" असे लोक विचारू लागले. हा प्रश्न आपल्याकडेही प्रत्येक मार खाणाऱ्या बाईला विचारला जातोच. तेव्हा तेथील बायकांनी #व्हायआयस्टेड, म्हणजे मी का राहिले, या पाटीखाली आपापली कहाणी लिहिली. कोणी मुलांसाठी राहिली, कोणी पैसा नव्हता म्हणून, कोणी जिवाच्या भीतीने. आणि या रडण्याच्या मधोमध डिजॉर्नो नावाच्या पिझ्झा कंपनीने तीच खूण लावून लिहिले की, तुमच्याकडे पिझ्झा होता म्हणून.

लोक संतापले. कंपनीने मजकूर पुसला, माफी मागितली, अनेकांची एकेकट्याने माफी मागितली. खुलासा काय केला? ती पाटी कशाची आहे ते लिहिण्यापूर्वी वाचलेच नव्हते. गर्दी दिसली म्हणून माल घेऊन घुसले.

भगिनींनो, ही चूक आपल्या हातूनही होऊ शकते. आज सर्वांत जास्त चालणारा हॅशटॅग कोणता ते पाहून तो आपल्या मालाला लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण तो हॅशटॅग एखाद्या मुलीला न्याय मिळावा म्हणून चाललेला असू शकतो, कोठे पूर आला असेल तेथील माणसे मदत शोधत असतील. त्यांच्या मध्ये आपल्या गोधडीचा फोटो आला तर मदत शोधणाऱ्याला तो एक अडथळाच. मयताच्या दारात आपण भाजीची टोपली उतरवतो का? म्हणून नियम एकच : कोणतीही पाटी वापरण्यापूर्वी आत जाऊन तिच्याखालची दहा-वीस लिखाणे वाचावीत. मगच आपले पाऊल टाकावे.

जिव्हाळ्याच्या विषयावर मालाची पाटी कधीच लावू नये असे नाही. २०१५ मध्ये एरियल या कपडे धुण्याच्या पावडरीने भारतात #शेअरदलोड ही मोहीम सुरू केली. कपडे धुणे हे फक्त बाईचेच काम आहे काय, असा प्रश्न तिने विचारला. पुढच्या वर्षीच्या तिच्या जाहिरातपटात, नोकरी करून घरी आलेली मुलगी सारे काम एकटीने उपसते हे पाहून तिचा बाप तिला माफीचे पत्र लिहितो. पावडर विकणे हा कंपनीचा हेतू होताच, त्याविषयी भोळे राहू नये. तरीही ती पाटी लोकांनी उचलून धरली, कारण प्रश्न धुण्याचाच होता आणि तो घराघरांतला होता. आपला माल आणि आपला शब्द यांचे नाते खरे असेल तर लोक ऐकतात. पिझ्झ्याचे आणि मार खाणाऱ्या बाईचे नाते कोणते?

हाच प्रश्न आम्हांलाही पडला होता. #आईच्यासाडीचीगोधडी ही पाटी लावावी की नाही? ज्या बाईने पहिल्यांदा त्या साड्या आणल्या होत्या, तिचे दुःख वापरून आपण धंदा करतो आहोत काय? मावशी म्हणाल्या, "तिला इचारा." नातीने तिला फोन केला. ती म्हणाली, "लावा. माझ्यासारख्या पुष्कळ असतील. फक्त माझं नाव नको." नाव घातले नाही. माणसाच्या आयुष्याशी ज्या पाटीचा संबंध आहे, ती लावण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. यात कमीपणा नाही.

शेवटी हिशेब. पॅकेजचे चार हजार दिले नाहीत. त्याऐवजी चाळीस रुपयांची वही आणली. येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरीला "आमच्याविषयी कोठून कळले?" हे विचारायचे आणि वहीत लिहायचे. दोन महिन्यांत अकरा गोधड्या गेल्या. त्यांतल्या सहा ओळखीतून, दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या आणि तीन अशा बायकांच्या की ज्यांनी पाटी शोधत शोधत घर गाठले. त्या तिघींपैकी दोघी आईच्या साड्या घेऊन आल्या होत्या. अकरांत तीन. हॅशटॅगची खरी किंमत आमच्या वहीत एवढी निघाली. ती शून्य नाही आणि पॅकेजवाला सांगत होता तेवढीही नाही. आता प्रत्येक गोधडीबरोबर गटाच्या नावाची चिठ्ठी जाते. घेणाऱ्या बाईने स्वतः फोटो टाकून ती पाटी लावली, तर तिचे चार शब्द आपल्या चाळीस शब्दांपेक्षा जड ठरतात.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते. दार उघडले की चोरही येतो. "पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाले तर समजावे की तो गिऱ्हाईक नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देण्यासाठी लागतो. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, समजावून ठेवा.

परवा मावशींकडे गेले तेव्हा त्या एका जरीकाठी लुगड्याचा काठ उसवत होत्या. नात शेजारी बसून फोटो काढत होती. मी विचारले, "मावशी, आज किती हॅशटॅग?" सुई दातांत धरून त्यांनी चार बोटे दाखवली. मग सुई काढून म्हणाल्या, "पाटी चारच. पर टाका दाट पाहिजे. गोधडी उसवली तर पाटी कोन वाचतंय?"